अर्धी सही

मांगोर हिलवरच्या आमच्या तीन मजल्यांवर
दोन कर्जं आहेत, सहा भाडेकरू,
आणि एक गळती, जी कुणाच्याच नावावर नाही.

पहिलं कर्ज पतसंस्थेचं, साडेतेरा टक्क्यांनी.
तेव्हा संस्थेचे चेअरमन घरी चहाला यायचे
आणि व्याजाचं बोलणं बरं दिसायचं नाही.
दुसरं सोन्यावर.
माझ्या पाटल्या आता स्लॅब होऊन
एका वेल्डरच्या डोक्यावर पसरल्या आहेत.
तो खाली शांत झोपतो. झोपू दे.

खिडकीच्या कठड्यावर बंदरातला कोळसा उतरतो.
ज्या बोटाने पुसते, त्याच बोटाने
कॅल्क्युलेटर दाबते.
बेरजेचं बटण काळं झालंय,
वजाबाकीचं त्याहून काळं.

बँकेतली दीक्षिता म्हणाली, काकी,
दोन्ही कर्जं आमच्याकडे आणा.
एकच हप्ता, सव्वानऊ टक्के, दहा वर्षं.
वर गच्चीच्या पत्र्यांसाठी साडेचार लाख टॉप-अप.
आणि भाडं?
भाडं, म्हटलं, बिस्किटांच्या डब्यात.
ती हसली नाही.
डब्यातलं भाडं उत्पन्न धरत नाहीत, काकी.
वीस वर्षं ज्यावर घर चाललं
ते काय होतं मग?

व्हॅल्युअर आला. बोटाच्या पेराने भिंत वाजवली,
डॉक्टर छाती वाजवतो तशी.
लेझरचा लाल ठिपका खोलीभर फिरला,
देव्हाऱ्यावर क्षणभर टेकला,
पाच पूर्णांक दोन, तो म्हणाला.
मग एक आकडा सांगितला घराचा.
मी उगाच पदर सावरला,
जणू कुणी मोठं माणूस आत आलंय.

सगळं झालं, आणि इथे काकांची सही.
ते इथे राहत नाहीत.
लग्न कधीचं?
चौऱ्याऐंशीचं, वास्कोतच नोंदलेलं.
घटस्फोट?
नाही.
मग घर अर्धं त्यांचं.
आणि हप्ते?
दीक्षिताने पेन टेबलावर आडवं ठेवलं.
एकोणीस वर्षांपूर्वी उठून गेलेल्या माणसाला
कागद अजून जेवायला वाढत होता.

कदंबाने कारवारला गेले.
बर्फाच्या कारखान्यात रोहिदास हिशेब लिहितो.
केस गेलेत, चष्मा आलाय.
ज्याने घरचं लाइटचं बिल कधी वाचलं नाही
त्याने करारनाम्याची अकरा पानं वाचली,
फोरक्लोजर चार्जेसपाशी बोट थांबवलं,
हे शून्य करून घे, म्हणाला,
फ्लोटिंग रेटला लागत नाही.
बरोबर होतं त्याचं.
मला राग आला.

अकरा ठिकाणी सही. शेवटच्या अक्षराला
अजून तेच शेपूट, वर गेलेलं.
बाहेर बर्फाच्या लाद्या भुशात घसरत होत्या.
पेनाला टोपण लावत, खाली बघत तो म्हणाला,
वयली खोली रिकामी आसा म्हण आयकलां.
भाडें कितलें?

टेबलफॅन डावीकडे गेला, उजवीकडे आला.
एवढ्या वेळात माणूस पुष्कळ काही बोलू शकतो.
सात हजार, मी म्हटलं. लाइट वेगळी.
अर्ध्या मालकाकडून पण?
गळतं तिथे, मी म्हटलं. पत्रे पडायचे आहेत.

काणकोणच्या वळणांवर, खिडकीला डोकं टेकून
तेरा हजार चारशेचा हप्ता मनात मांडत होते.
सहा खोल्या धरून. सातवी
कधी धरत होते, कधी सोडत होते.

तीन तारखेला फोन वाजला, खात्यात जमा:
तीन हजार पाचशे.
शेऱ्यात त्याने लिहिलंय: भाडं, अर्धं.
तो अजून आलेला नाही. पत्रेही नाहीत.
उरलेलं मागायचं की नाही
हे ठरवायला माझ्याकडे
दहा तारखेपर्यंत वेळ आहे.